जिम सुरू केलं की चौथ्या आठवड्यात खांदा दुखतोच? माझ्या बाबतीत नेमकं काय चुकत होतं

पोहण्याला जोड म्हणून जिम सुरू करायचं, तीन आठवडे मस्त जायचे आणि चौथ्या आठवड्यात उजवा खांदा पुढच्या बाजूने बोलायला लागायचा. मग जिम बंद, पोहणंही बंद. दहा-बारा दिवसांत दुखणं गायब, पोहणं परत सुरू, महिनाभराने परत हुरूप, परत जिम, परत चौथा आठवडा. दीड वर्षात हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी चिडून वही काढली आणि एकेक गोष्ट लिहून बघायला लागले, त्यातून जे सापडलं ते इथे लिहितेय. कारण असं चक्र चालू असलेले बरेच जण दिसतात आणि सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, "थोडे दिवस आराम कर". आरामाने दुखणं जातं हो, पण ते परत का येतं हे आराम सांगत नाही ना.

आधी लक्षण नीट सांगते म्हणजे तुमचं तेच आहे का ते कळेल. पोहताना पहिले ५००-६०० मीटर काहीही नाही. मग हळूहळू, हात पाण्यात शिरून पुढे ताणला जातो आणि पाणी पकडायला वळतो ना, बरोबर त्या क्षणी खांद्याच्या पुढच्या टोकाला सुई टोचल्यासारखं व्हायचं. बाहेर आल्यावर गाडीच्या मागच्या सीटवरची बॅग बसल्या जागेवरून उचलताना, टी-शर्ट डोक्यावरून काढताना, रात्री त्या कुशीवर झोपलं की. हात लटकवून उभी राहिले तर मात्र ठणठणीत. याला स्विमर्स शोल्डर म्हणतात, हे नाव केनेडी आणि हॉकिन्स या दोघांनी १९७४ साली वापरात आणलं आणि तेव्हापासून पोहणाऱ्याचा खांदा दुखला की तेच चिकटवतात. पण ते एका आजाराचं नाव नाही. आत रोटेटर कफच्या (खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या छोट्या स्नायूंच्या) टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीची, कुरकुर असू शकते, बायसेप्सच्या टेंडनची असू शकते, कुणाचा सांधाच नको इतका सैल असतो. त्यामुळे माझा उपाय तुम्हाला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही, पण शोधायची पद्धत लागू पडेल.

जे करून फुकट गेलं ते आधी. बर्फ लावला, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. गोळी घेऊन पोहले, हा सगळ्यात मोठा मूर्खपणा, कारण दुखणं दाबलं की आपण १५०० मीटरला थांबायचं ते २२०० ला थांबतो आणि दुसऱ्या दिवशी व्याजासकट परत. मग स्ट्रेचिंग, दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती ताणायची, हात मागे खेचून धरायचा, रोज. याने तर अजून बिघडलं असं मला वाटतं, कारण बरीच वर्षं पोहणाऱ्यांचे खांदे आधीच भरपूर हलतात, सैल असलेल्याला अजून ताणून काय मिळणार, त्याला धरून ठेवायला ताकद हवी होती.

आता वहीतला हिशोब. लेकीला काठावर बसवून स्ट्रोक मोजायला लावले. २५ मीटरच्या एका लॅपला दोन्ही हातांचे मिळून १९. दिवसाला २००० मीटर म्हणजे ८० लॅप, १५२० स्ट्रोक, म्हणजे एका हाताचे ७६०. आठवड्यातून चार दिवस, झाले ३०४०. सगळंच काही फ्रीस्टाइल नसतं, थोडं इकडेतिकडे धरा, पण आकडा बघून मीच गप्प झाले. एका आठवड्यात एक खांदा तीन हजार वेळा तीच ओढ ओढतोय, हात डोक्यावर नेऊन, आत वळवून, खाली-मागे.

मग जिममध्ये मी काय करत होते? "पोहण्यासाठीचं" जिम. लॅट पुलडाऊन (डोक्यावरचा बार खाली ओढायचा) १५ चे ३ सेट, सरळ हातांनी केबल खाली ओढायची २० चे ३, रेझिस्टन्स बँड दाराला बांधून कॅचची, म्हणजे पाणी पकडायच्या हालचालीची, नक्कल २५ चे ३, बेंच प्रेस १२ चे ३, डिप्स १० चे ३. एका दिवसाला २४६ रेप्स (एकदा केलेली हालचाल म्हणजे एक रेप), आठवड्यातून तीन दिवस म्हणजे ७३८. या प्रत्येक व्यायामात छाती, लॅट (पाठीचा मोठा स्नायू) आणि दंड आत वळवणारे स्नायूच राबतात, म्हणजे पाण्यात जे राबतात तेच. थोडक्यात मी आठवड्यात पाचवा दिवस पोहत होते, तोही वजन लावून. आणि दंड बाहेर वळवणारे, स्कॅपुला (पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड) मागे-खाली धरणारे जे स्नायू आहेत त्यांच्यासाठी काय होतं? भोपळा. एकही सेट नाही.

वर अजून एक गंमत, जी मला तारखा शेजारी-शेजारी लिहिल्यावर दिसली. तिन्ही वेळा जिम सुरू केलं त्याच पंधरवड्यात मी पोहायचं अंतरही १६०० वरून २००० ला नेलं होतं. हुरूप आला की सगळीकडेच येतो ना. आणि दोनदा पॅडल्सही (तळहातावर बांधायच्या प्लास्टिकच्या पाट्या) घातले होते. तीन गोष्टी एकदम वाढवायच्या आणि मग विचारायचं की नक्की कशाने दुखतंय.

तर मूळ घोळ हा की मी जिममध्ये जाऊनही पोहतच होते. पाणी जे भरपूर देतं तेच परत मागत होते आणि पाणी जे देत नाही ते कुणीच देत नव्हतं. पाणी काय देत नाही ते बघा. एक, खांद्याच्या मागच्या बाजूला पुरेसं काम. दोन, वजन हळू खाली सोडताना स्नायूवर येणारा ताण, पाण्यात हा जवळपास नसतोच, म्हणून तर आठवड्याला ८ किलोमीटर पोहणारी मी पहिल्या दिवशी फक्त ३० स्क्वॉट्स मारले आणि दोन दिवस जिना कठडा धरून उतरले. तीन, हाडांवर भार, तरंगताना हाडांना काही उचलावंच लागत नाही, वय वाढलं की हे महत्त्वाचं होतं. चार, पायांची खरी जोराची ढकल, ती पाण्यात फक्त भिंतीवर मिळते.

मग बदल काय केले. एकदम सगळे नाही, दर दोन आठवड्यांनी एकच, नाहीतर परत कळलं नसतं कशाने फरक पडला.

पहिलं, बँडची कॅचची नक्कल आणि सरळ हातांचं केबल ओढणं सरळ बंद. बेंचच्या जागी पुश-अप, पण वर आल्यावर थांबायचं नाही, कोपर सरळ ठेवून अजून थोडं जमिनीला ढकलायचं, पाठीचा वरचा भाग किंचित गोल होईपर्यंत. हे जास्तीचे दोन-तीन सेंटिमीटर सेरेटस अँटिरियरसाठी आहेत. हा स्नायू बरगड्यांच्या बाजूला असतो आणि स्कॅपुलाला बरगड्यांना चिकटवून धरतो, हात वर जाताना तिला फिरवतो, आणि फ्रीस्टाइलमध्ये त्याला जवळजवळ पूर्ण स्ट्रोकभर सुट्टीच नसते. तो थकला की स्कॅपुला वेळेवर फिरत नाही, हात मात्र पुढे जायचाच असतो, मग खांद्याच्या पुढच्या टोकाशी दाटी होते. ६०० मीटरनंतरच का दुखायचं त्याचं उत्तर मला इथे मिळालं. लेकीने माझ्या पुश-अपचा पाठीकडून व्हिडिओ काढला तर सातव्या-आठव्याला उजवी स्कॅपुला पंखासारखी बाहेर आलेली स्पष्ट दिसत होती, डावी नाही. तुम्हीही काढून बघा, आरशात हे दिसत नाही. जमिनीवर जमत नसेल तर भिंतीला किंवा टेबलाला हात टेकवून करा, यात कमीपणा काही नाही, मी टेबलापासूनच सुरुवात केली.

दुसरं, कुशीवर झोपून दंड बाहेर वळवणं. चांगल्या कुशीवर झोपायचं, वरच्या हाताचं कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडीच्या मध्ये घडी केलेला टॉवेल, हातात १ किलोचं डंबेल. मनगट नाही, दंड वळवून डंबेल वर आणायचं आणि तीन मोजत खाली सोडायचं. टॉवेल पडला तर समजायचं कोपर उचललं गेलं, रेप धरायचा नाही. १ किलो बघून मला हसू आलं होतं, बाराव्या रेपला ते हसू गेलं. दीड महिना मी १ वरच होते, नंतर २. इथे घाई करू नका, जड घेतलं की खांद्याचा मोठा स्नायू मध्ये पडतो आणि ज्याला काम द्यायचंय तो आरामात बसतो.

तिसरं, ओढायचंच तर आडवं ओढा. वरून खाली ओढायचं काम पाण्यात होतंच. वाकून डंबेल रो, केबल रो, बँडने चेहऱ्याकडे ओढणं म्हणजे फेस पुल, यात कोपरं मागे जातात आणि स्कॅपुला एकमेकींकडे येतात. पुल-अप मी सोडले नाहीत, मला आवडतात आणि पोहणाऱ्याला उपयोगी आहेतच, पण आता ५ चे ३ सेट आणि बस, पूर्ण दम निघेपर्यंत लटकत नाही. मानेच्या मागे बार आणणारं पुलडाऊन कायमचं बंद, आणि कोपरं उंच उचलून बार हनुवटीपर्यंत ओढतात ते अपराइट रो पण. हात समोर-तिरके वर उचलायचा व्यायाम करत असाल तर अंगठा वर ठेवा. अंगठा खाली ठेवून, पेला उलटा ओतल्यासारखं, अजूनही काही जण शिकवतात, दुखऱ्या खांद्याला ते हमखास झोंबतं.

चौथं म्हणजे वार. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि बहुतेक सगळ्यात परिणामकारक. आधी मी संध्याकाळी जिम करून दुसऱ्या दिवशी पहाटे पोहायला जायचे. म्हणजे खांदा धरणारे छोटे स्नायू आदल्या रात्री दमवलेले आणि त्यांच्याच जिवावर ७६० स्ट्रोक. आता पोहणं सोम, मंगळ, गुरू, शनि. जिम मंगळवारी संध्याकाळी आणि शनिवारी पोहून झाल्यावर. बुधवार, शुक्रवार आणि रविवार खांद्याला सुट्टी. जिमचे तीनाचे दोन दिवस केले. स्नायूंचं ते नेहमीचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत जोरात असतं, तेव्हा गुरुवारी थोडं जाणवतं, "पाणी हातात येत नाहीये" असं वाटतं, पण ते सुई टोचणारं दुखणं नव्हे, हा फरक ओळखायला शिका. स्नायूचं दुखणं पसरट असतं, दोन्ही बाजूंना असतं आणि वॉर्मअपने कमी होतं. सांध्याचं एका बोटाने दाखवता येतं आणि पोहता पोहता वाढतं.

रेप्सबद्दल जरा भांडायचंय. पोहणं म्हणजे स्टॅमिना, म्हणून जिममध्येही हलकं वजन आणि २०-२५ रेप्स, असं मलाही पटलेलं होतं. पण स्टॅमिना तर पाणी देतंच आहे, ढिगाने देतंय. जिमकडून ताकद घ्यायची, आणि ताकद ५-६ रेप्समध्ये येते, मधे दोन-तीन मिनिटं बसून, शेवटच्या रेपला अजून एक-दोन निघाले असते इतकं राखून. हे पायांसाठी आणि रोसाठी म्हणतेय, त्या १ किलोच्या डंबेलसाठी नाही, तिथे १२-१५ च ठेवा. "जड उचललं की अंग जड होतं, पाण्यात बुडतं" हे पण ऐकून झालंय. आठवड्यातून दोन दिवसांत आणि आठवड्याला ८ किलोमीटर पोहताना तेवढं अंग वाढवून दाखवा, मी पाय धरीन. ऑस्ट्रेलियाचा जलतरणपटू कॅमेरॉन मॅकएव्हॉयने तर पाण्यातलं अंतर प्रचंड कमी करून ताकदीच्या व्यायामावर भर दिला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण २१.२५ सेकंदात घेतलं. अमेरिकेची जलतरणपटू डारा टोरेस २००८ ला बीजिंगमध्ये ४१ वर्षांची होती, जमिनीवरच्या व्यायामावर तिचाही भर, तीन रौप्य मिळवली, त्यात ५० मीटरला सुवर्ण फक्त ०.०१ सेकंदाने हुकलं. अर्थात ते एका लांबीचे स्प्रिंटर, आपण दोन किलोमीटरवाले, त्यांचं वेळापत्रक उचलू नका, पण जड वजनाने पोहणं बिघडत नाही एवढं तरी मान्य करा.

पायांचं मी नुसतंच "करायचं म्हणून" सुरू केलं होतं, आणि घड्याळावर फरक तिथूनच पहिला दिसला. स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आणि शेवटी थोड्या उड्या. लॅपमध्ये सूर मारल्यानंतरचा सगळ्यात जास्त वेग भिंत ढकलल्यावरचा असतो, हात कितीही मारले तरी तेवढा वेग येत नाही, कारण वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. ८० लॅप म्हणजे जवळपास ८० वेळा भिंत ढकलायची. पूर्वी मी भिंतीजवळ पाण्यावर टांगलेल्या झेंड्यांच्या खाली पहिला स्ट्रोक घ्यायचे, आता झेंडे ओलांडल्यावर. त्यामुळे एका लॅपचे स्ट्रोक १९ चे १७ झाले. ८० लॅपला १६० स्ट्रोक कमी, म्हणजे एका खांद्याचे ८० वाचले, रोजचे. खांद्याचं दुखणं पायाने कमी होईल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

पोटाचं थोडक्यात. क्रंचेसच्या ढिगापेक्षा डेड बग (पाठीवर पडून विरुद्ध हातपाय आळीपाळीने खाली नेणं) आणि हॉलो होल्ड (पाठीवर पडून हातपाय किंचित उचलून धरणं) बरे, कारण पाण्यात पोट वाकवायचं नसतं, हातपाय हलत असताना धड लाकडासारखं ठेवायचं असतं. भिंतीला पाठ लावून हात सरळ वर नेऊन बघा, कंबर भिंतीपासून सुटत असेल तर पाण्यातही तेच होतंय, खांदा कमी पडतोय तिथे कंबर उसनवारी करतेय. याला पाठीचा वरचा भाग मोकळा करणं हा उपाय, फोम रोलर आडवा ठेवून त्यावरून मागे झुकायचं, रोज दोन मिनिटं.

जिममध्ये सगळं सुधारूनही दुखत असेल तर चूक पाण्यात शोधा. माझ्या दोन निघाल्या. हात पाण्यात अंगठ्याकडून शिरत होता, म्हणजे दंड आधीच आत वळलेला, आणि डोक्यासमोरून पलीकडच्या बाजूला जात होता. बोटांच्या टोकांकडून, खांद्याच्या रेषेत हात घालायला लागल्यावर बराच आराम पडला. कायम उजवीकडेच श्वास घेत होते, आता तीन स्ट्रोकला एक, निदान अर्धं अंतर तरी. आणि किकबोर्ड! हात पुढे ताणून बोर्डवर रेलायचं आणि त्याला खांद्याचा आराम समजायचं, मी दुखत असताना नेमकं हेच करत होते. दुखऱ्या खांद्याला ती जागा सगळ्यात वाईट. किकच मारायची तर पाठीवर पडून, हात शरीराशी. पॅडल्स सध्या कपाटात आहेत.

ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचं गुडघ्याच्या आतल्या बाजूचं दुखणं हा वेगळा विषय आहे, तिथेही गणित तेच, ती किक शेकडो वेळा गुडघा बाहेर उघडते, तर जिममध्ये मांडीची आतली बाजू, हॅमस्ट्रिंग आणि नितंब मजबूत करा आणि काही दिवस किकचं अंतर कमी ठेवा.

परत दुखायला लागलं तर काय, कारण लागतंच. मी १० पैकी आकडा देते. २-३ पर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला असेल तर चालू ठेवायचं, अंतर तेवढंच. ४ च्या वर गेला किंवा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर पोहणं अर्धं, जिममधलं पुल-अप आणि पुश-अप बंद, रो आणि १ किलोवालं चालू, पायांचं पूर्ण चालू. सगळं बंद करायचं नाही, कारण पूर्ण बंद केलं की दहा दिवसांनी खांदा दुखत नसतो पण कमजोर झालेला असतो, आणि आपण मात्र सोडलं तिथूनच सुरू करतो. माझं चक्र असंच फिरत होतं. परत चढताना एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची, एकतर अंतर नाहीतर वजन.

आणि हे घरी निस्तरायचं नाही: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हातात मुंग्या किंवा बधिरपणा, हात वर उचलताच न येणं, खांदा निखळतोय असं वाटणं, किंवा असं सगळं कमी करूनही दोन-तीन आठवड्यांत काही फरक नसणं. सरळ ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा खेळाडूंचं काम करणारा फिजिओ गाठा. मी तिसऱ्या वेळेलाच गेले, पहिल्याच वेळेला जायला हवं होतं, निदान स्कॅपुलाचं तरी वर्षभर आधी कळलं असतं.

सध्या सातवा महिना चालू आहे. चौथा आठवडा गेला, चौदावाही गेला. दोनदा आकडा ३ पर्यंत गेला, एकदा बुधवारची सुट्टी मोडून पोहले म्हणून आणि एकदा उगाच कुणाशी तरी शर्यत लावली म्हणून. मागच्या सीटवरची बॅग आता उचलते. टी-शर्ट काढताना मात्र सवयीने अजूनही डावा हात आधी काढते.